सासूबाईंनी बांधलेली गाठ

मंगलाला कोणीतरी फसवून हॉटेलात नाचायला नेलं, असं हैदराबादच्या जामबागेतल्या काही बायकांनी पुढं मोठ्या मायेनं पसरवलं. साफ खोटं. मंगलाला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. पेपरातली जाहिरात तिनं स्वतः वाचली, पत्ता स्वतः शोधला आणि आबिड्सच्या मागच्या गल्लीतल्या 'पर्ल क्राउन' हॉटेलच्या पायऱ्या ती स्वतःच्या पायांनी चढली. तिथं कॅबरे चालतो हे तिला ठाऊक होतं. कॅबरेत बाई अंगावरचा एकेक कपडा उतरवते, हेही ठाऊक होतं. जे ठाऊक नव्हतं ते पुढं कळत गेलं.

साल पंच्याण्णव. मंगला तेव्हा चौतीस वर्षांची होती. नवरा गिरीश जाऊन सहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. जामबागेत भाड्याच्या दोन खोल्यांत ती आणि तिच्या सासूबाई सुशीलाबाई राहत. अकरा वर्षं तिनं एका मराठी शाळेत कवायत घेतली आणि गॅदरिंगचे नाच बसवले, तेही हंगामी म्हणून. पुढं घरोघरी केबल आली, पोरांना इंग्रजी शाळांचे वेध लागले, मराठी वर्ग ओस पडले आणि एप्रिलमध्ये शाळेनं बाईंना हात जोडून निरोप दिला.

मोठे दीर मुकुंदराव त्याच आठवड्यात हजर. माणूस महसूल खात्यात सुपरिंटेंडेंट, त्यामुळं घरातही फाईल उघडल्यासारखाच बोलायचा. कुकटपल्लीला त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता. आई आता तिकडं येईल, मंगलानं उदगीरला भावाकडं जावं, आषाढ लागायच्या आत सगळं उरकावं, असा त्यांचा निकाल होता. दोघींना विचारायची गरज त्यांना भासली नाही.

आता या सासू-सुना काही गळ्यात गळे घालून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. आमटीतल्या मिठावरून रोज खटका उडायचा. पण गिरीश गेला तेव्हा, समोरचीला चहा लागतो म्हणून दोघी सकाळी उठायच्या, आणि तशाच उठत उठत सहा वर्षं निघाली. आता एकीवाचून दुसरीचं पान हलत नव्हतं.

"मंगलला काम लागलं तर?" सुशीलाबाईंनी विचारलं.

मुकुंदराव हसले. "लागू दे की. लागलं आणि टिकलं तर मी तोंडातून अक्षर काढणार नाही."

हे हसणं मंगलाच्या चांगलंच लक्षात राहिलं. महिनाभर तिनं शाळा, शिकवण्या, दुकानं, सगळीकडं खेटे घातले. कुठंच डाळ शिजली नाही तेव्हा ती पर्ल क्राउनला गेली.

हॉटेलचा मॅनेजर यादगिरी हा गोल चेहऱ्याचा, कायम घाबरलेला माणूस होता. त्याला घाबरायला कारणही होतं. जानेवारीत आंध्रात दारूबंदी झाली आणि त्याचं संध्याकाळचं गिऱ्हाईक एका झटक्यात बंद पडलं. मालकानं हुकूम सोडला की नाच आता दुपारी, जेवणाच्या वेळेला. बिर्याणी आणि लेमन सोड्याबरोबर.

"अम्मा, पैले लोगां पी के आते थे, सीटियाँ मारते थे," यादगिरीनं कपाळाचा घाम पुसला. "अब सोडा पी के बैठते और शरम से मरते. नाचनेवालियाँ सब बेंगलूर को भाग गए. आठ दिन देखता मैं. लोगां ऊपर देखे तो काम पक्का."

लोकांनी वर बघायचं, एवढीच अट. मंगलाला आधी ती अट कळलीच नाही. नाचणारीकडं लोक बघत नाहीत, असं कुठं असतं का?

एलम्मानं तिला ते दाखवून दिलं. एलम्मा मूळची वरंगलची, बाहेरच्या बोर्डावर तिचं नाव 'मिस सोनिया'. तीही सोमवारी बेंगलोरला निघणार होती, पण जाण्याआधी चार दिवस नव्या बाईला शिकवून जायचं तिनं कबूल केलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं मंगलाच्या हातात एक मऊ, कातडीच्या रंगाचं गाठोडं ठेवलं. मंगलानं उलगडलं तर तो गळ्यापासून टाचेपर्यंतचा नायलॉनचा मोज्यासारखा घट्ट पोशाख निघाला. सगळ्या जणी त्याला 'स्किन' म्हणत. त्याच्यावर चमकीची चोळी, चमकीचा आखूड घागरा, आणि सगळ्यावरून एक लांब झगा. शेवटच्या गाण्याला तो वरचा झगा सोडायचा की काम झालं.

"मंजे खालून कातडी दिसतच नाही?" मंगलानं विचारलं.

"मुँह दिखता, हात दिखते," एलम्मा म्हणाली. "बाकी सब नायलॉन. गर्मी से मरती मैं, और लोगां समझते नंगी है."

मंगला खुर्चीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. सात रात्री तिनं छताकडं बघत काढल्या होत्या, त्या या मोज्यासाठी! शाळेच्या गॅदरिंगला कोळीनृत्यात पोरींचे पाय याहून उघडे असायचे.

मग तिनं पडद्याआडून एलम्माचा नाच पाहिला. दुपारचा एक वाजलेला, खिडक्यांतून ऊन आत आलेलं, तीसेक पुरुष जेवायला बसलेले. बँकेतले, कचेऱ्यांतले, बेगम बाजारातले दुकानदार. एलम्मा जीव तोडून नाचत होती आणि ते सगळे खाली मान घालून बिर्याणीतली लवंग शोधत होते. एखाद्यानं चुकून वर पाहिलंच तर शेजारच्याची नजर चुकवत पुन्हा पटकन ताटात. लाज नाचणारीला वाटेल म्हणून मंगला इतके दिवस धसका घेऊन बसली होती, आणि इथं सगळी लाज टेबलांवर बसली होती. हे पाहून तिची अर्धी भीती तिथंच गेली.

उरलेली अर्धी तालमीत गेली. ड्रमवाले खाजामियाँ साठीचे होते. ते म्हणायचे, "बीबी, आप गिनती मत छोडो, बाकी मैं सँभालता." गिनती सोडायचा प्रश्नच नव्हता, अकरा वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं? पण शाळेत ती पोरांसाठी मोजायची. इथं मोजून ती स्वतः नाचायला लागली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की तिला मजा येते आहे. गुडघे, कंबर, खांदे, सगळं अंग जागं झालं होतं. गिरीश गेल्यापासून ते फक्त भांडी घासायला आणि जिने चढायला वापरलं गेलं होतं. मजा येते हे स्वतःशी कबूल करायला मात्र तिला आणखी एक दिवस लागला.

घरी तिनं सांगितलं, "हॉटेलात दुपारचा कार्यक्रम असतो, त्यात काम आहे." सुशीलाबाईंनी "कसला कार्यक्रम?" विचारलं. "नाचगाण्याचा," ती म्हणाली आणि घाईघाईनं पाणी भरायला गेली. खोटं बोलली नाही, पण खरं काही पुरतं सांगितलं नाही. हे तिला आतून सारखं टोचत राहिलं.

सोमवारी पहिला नाच. अकरा वाजता मंगला हॉटेलात पोचली, स्किन आणि चमकीचा जोड चढवला आणि वरचा झगा घ्यायला एलम्माची कपड्यांची पेटी उघडायला गेली. तर पेटीच नाही. एलम्मा सकाळच्या बसनं गेली होती आणि पेटी तिच्याबरोबर.

"कपडे हॉटेलचे नाहीत?" मंगला ओरडलीच.

"हॉटेल के कायके को अम्मा?" यादगिरी तिच्याहून जास्त घाबरला. "जो नाचती उसीके रैते. वो बी एक जोड तुमको पुराना देके गई, मेहेरबानी."

शाळेत नाचाचे कपडे शाळेच्या कपाटात असतात, किल्ली शिपायाकडं असते आणि बाईंनी फक्त सही करायची असते. अकरा वर्षांची सवय. नाचणारीचे कपडे नाचणारीचे, हे विचारावं असं तिला सुचलंच नव्हतं.

आता अंगावरून सोडायला काहीतरी लांबलचक हवं होतं, आणि तिच्या ओळखीत सगळ्यात लांब कापड एकच होतं. अंगावर घरची साडी गुंडाळून ती रिक्षानं जामबागेला आली आणि सुशीलाबाईंचं जांभळं नऊवारी लुगडं मागितलं. पण मंगला आयुष्यभर पाचवारीतली, नऊवारी तिला नेसता कुठं येत होती?

"ये इकडं," सुशीलाबाई म्हणाल्या. चमकीचा घागरा आणि पायांवरचं नायलॉन त्यांनी नीट पाहिलं.

"ते कार्यक्रमाचं अस्तर आहे, आई."

"हौ," एवढंच म्हणून त्यांनी लुगडं हाती घेतलं. कमरेला गाठ मारली, निऱ्या खोचल्या, कासोटा ओढून मागं पक्का केला आणि पदर डाव्या खांद्यावरून आणला. हात चालताना त्या बडबडत होत्या, "एकदा बस चुकू नये म्हणून मी कोटीच्या स्टॉपपर्यंत पळाले होते या लुगड्यात. एक निरी हलली नाही."

हे ऐकूनसुद्धा मंगलाच्या डोक्यात काही शिरलं नाही. घाईत होती ना! जे लुगडं तासाभरानं तीस माणसांसमोर सोडायचं होतं, ते तिनं हैदराबादेतल्या सगळ्यात पक्क्या हाताच्या बाईकडून बांधून घेतलं होतं.

पहिली दोन गाणी ठीक झाली. म्हणजे ती नाचली आणि लोक जेवले. तिसऱ्या गाण्याला खाजामियाँनी ड्रमवर हात घुमवला, मंगलानं पदर सोडला, गिरकी घेतली, कमरेभोवतीचा एक वेढा सुटला, आणि पुढं गाठ. तिनं ओढली. गाठ ढिम्म. तिनं नखं लावली, पाठ फिरवून कासोटा ओढला, पुन्हा गाठीला हात घातला. अर्धं लुगडं स्टेजवर लोळत होतं आणि उरलेलं अंगाला चिकटून बसलं होतं. खाजामियाँ बिचारे ड्रम घुमवत राहिले.

मग कोपऱ्यातल्या टेबलावरून एक खीः आली.

मंगलाचं डोकं फिरलं. वर्गात मागच्या बाकावरून अशीच खीः यायची. तिनं लोळणारा पदर एका झटक्यात गोळा केला, कमरेला खोचला आणि हसणाऱ्याकडं वळून असं रोखून पाहिलं की त्याचा घास तोंडाशीच थांबला. सगळी खोली थांबली. आणि तेव्हा तिला दिसलं की तीसच्या तीस माना वर आहेत.

एवढं दिसल्यावर ती सोडते होय? पदर खोचलेलाच ठेवून ती ठेक्यावर पुढं आली. गाठीला हात घातला, ओढल्यासारखं केलं, सोडून दिला. एक वेढा सोडला, तोच पुन्हा घेतला. लोक पुढं झुकले की ती मागं जायची आणि डोळे वटारायची. खाजामियाँना हुरूप आला, त्यांनी तिच्या प्रत्येक ओढीला एक थाप दिली. गाणं संपलं तेव्हा लुगडं जागच्या जागी होतं आणि टाळ्या थांबत नव्हत्या.

"साडी कैसा नै निकल्या?" यादगिरी पडद्याआड धावत आला. "मैं आधा मर गया था!" मग त्यानं बाहेरचा आवाज ऐकला आणि हळूच म्हणाला, "कल बी ऐसाच नै निकलना."

तर असं झालं. लोक दुसऱ्या दिवशी दोस्तांना घेऊन आले. "आज खुलता बोल के" असं एकमेकांना सांगत आले. लुगडं काही सुटलं नाही आणि टेबलं तिसऱ्या दिवशीही भरली. आठ दिवसांचे सोळा झाले. बोर्डावर 'मिस मंगला' लागलं. रोज साडेअकराला सुशीलाबाई लुगडं नेसवायच्या, रोज दुपारी त्या गाठीपुढं हॉटेल हार खायचं.

आणि सतराव्या दिवशी सकाळी मुकुंदराव आले. चपला न काढताच बोलायला लागले. त्यांच्या कचेरीतले हणमंतराव कोणासोबत तरी जेवायला गेले होते, त्यांनी सगळं सांगितलं होतं.

"आई, ही कॅबरे करते. कपडे काढायचा नाच! आपल्या घराण्यात! आजच्या आज सामान बांध. मी संध्याकाळी गाडी आणतो."

मंगला खाली बसली. टिकलेलं काम आता तिच्या कामाचं नव्हतं. सुशीलाबाई गेल्या तर सगळंच गेलं. "आई, खरं आहे," ती म्हणाली. "तुम्हाला पुरतं सांगायचा धीर झाला नाही, तेवढं माझं चुकलं. नाचते त्याची मला लाज वाटत नाही. तुम्ही नाही राहिलात तर मात्र मी काय करू मला कळत नाही."

सुशीलाबाईंनी जांभळं लुगडं हातात घेतलं. मग म्हणाल्या, "ते अस्तर मी रोज बघते, मी काय आंधळी आहे? पण आमच्या मामंजींनी कोर्टात मुनसफ असताना स्वतः पाहिल्याबिगर कधी फैसला दिला नाही. मीबी देणार नाही. उठ मंगल, साडेअकरा झाले."

त्यांनी रोजच्यासारखं लुगडं नेसवलं. मग चष्मा घेतला आणि मुकुंदरावांना म्हणाल्या, "चल. तूबी चल."

दुपारी एक वाजता पर्ल क्राउनमध्ये पहिल्या रांगेत पासष्ट वर्षांची, नऊवारीतली, कपाळावर काही नसलेली बाई येऊन बसली आणि साऱ्या हॉटेलला घाम फुटला. तिथल्या प्रत्येकाला आपापली आई आठवली असावी. दोघेजण हात न धुताच उठून गेले. बाकीच्यांच्या माना अशा खाली गेल्या की पहिल्या दिवशीही नव्हत्या. मुकुंदराव तर लस्सीच्या पेल्यात उतरायचेच बाकी होते.

"अम्मा, आज सब खतम," यादगिरी पडद्याआड रडकुंडीला आला.

मंगला बाहेर आली. पहिलं गाणं खाली माना घातलेल्या डोक्यांसमोर. पूर्ण हॉलमध्ये फक्त एकच चेहरा वर होता, चष्म्यातून सरळ तिच्याकडं बघणारा, हसत नाही, रागावत नाही, नुसता बघणारा. मग तिनं ठरवलं की आज ह्या एका चेहऱ्यासाठी नाचायचं. दुसरं गाणं ती तशी नाचली. सहा वर्षांचं साचलेलं सगळं त्यात आलं, गिरीशच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या, रिकामी खाट, सकाळचे दोन कप. खाजामियाँनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि ठेका वाढवला. एक मान वर आली. मग दुसरी. गाणं संपेतो सगळ्या आल्या होत्या.

तिसरं गाणं. पदर सुटला, वेढा सुटला. तिनं रोजच्या सवयीनं गाठीला हात घातला. गाठ सैल होती. नुसती सरगाठ, एका बोटानं सुटणारी.

तिनं सुशीलाबाईंकडं पाहिलं. त्या जराही हलल्या नाहीत.

तिला समजलं. आजवर लुगडं सुटत नव्हतं कारण ते सुटू शकत नव्हतं. आज सगळं तिच्या हातात दिलं होतं. गाठ मुठीत दाबून ती अख्खा हॉल तसाच झुलवू शकली असती, कोणाला कळलंही नसतं. घाबरून नाचत असती तर तिनं तेच केलं असतं. पण ती घाबरली नव्हती. तिनं गिनती धरली, एक, दोन, तीन, आणि आठव्या मात्रेला टोक ओढलं. नऊ वार जांभळं कापड गिरक्या घेत स्टेजवर उतरलं. चमकी आणि नायलॉनमध्ये मंगला ताठ उभी होती, कवायतीला उभी राहायची तशी, हनुवटी वर करून.

मग जो गलका उठला तो खाली रस्त्यावर ऐकू गेला म्हणतात. यादगिरी स्वतः शिट्टी मारत होता.

त्या गलक्यातच सुशीलाबाई उठल्या आणि पायरी चढून स्टेजवर आल्या. हॉल एकदम गप्प झाला. मंगलाला वाटलं, आता झालं.

"सैल मी मुद्दाम बांधली," त्या म्हणाल्या. "बांधून घातलेली बाई नाचते का स्वतःच्या मर्जीनं नाचते, ते मला बघायचं होतं. पहिल्या गाण्याला मला फार शरम वाटली, खोटं कशाला सांगू? दुसऱ्याला विसरले." मग त्यांनी वाकून लुगड्याचं एक टोक उचललं. "असं लोळवत टाकतात का? धर."

मंगलानं दुसरं टोक धरलं. दोघी स्टेजच्या दोन कडांना गेल्या, कापड ताणलं, झटकलं, मधोमध येऊन टोकं जुळवली, पुन्हा मागं गेल्या. नऊ वारांची घडी एकटीला घालता येत नाही. खाजामियाँनी नकळत त्यावरही ठेका धरला. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि मंगलाला समोरचं काही नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

"आई, गाडी संध्याकाळी—" मुकुंदराव खालून कसेबसे म्हणाले.

"रिकामी ने," सुशीलाबाई घडीवरून हात फिरवत म्हणाल्या. "उद्या साडेअकराला हिला नेसवायचं आहे मला."